गारा नाशिकच्या, पॉलिसी मुंबईची

मुंबईत राहणाऱ्या माणसाने गारपिटीच्या विम्यावर लिहावे, हे जरा विचित्रच आहे. मुलुंडला राहून मला बेचाळीस वर्षे झाली आणि एवढ्या काळात इमारतीच्या आवारात गार वेचल्याची एकही आठवण माझ्याकडे नाही. गारपीट म्हणजे घाटापलीकडचे संकट, निफाडच्या द्राक्षबागांचे, मराठवाड्याचे आणि विदर्भाचे, अशीच माझी समजूत होती. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तिकडे गारांनी उभी पिके झोपवली, तेव्हाही ती बातमी मी मुंबईकराच्या अलिप्तपणेच वाचली होती. मात्र मुंबईची गाडी मुंबईतच राहते असे थोडेच आहे?

गेल्या एप्रिलमध्ये मेहुणीच्या मुलीच्या साखरपुड्यासाठी आम्ही नाशिकला गेलो होतो. दुपारी चारच्या सुमारास आभाळ काळवंडले, वारा सुटला आणि पाठोपाठ गारा सुरू झाल्या. पहिल्या हरभऱ्याएवढ्या होत्या, पाच मिनिटांत लिंबाएवढ्या झाल्या. गाडी सासऱ्यांच्या बंगल्यासमोर उघड्यावर उभी होती. मेहुण्याने टपावर टाकायला गोधडी काखेत मारली, डोक्यावर परात धरली आणि तो फाटकापर्यंत पोचलाही. पण परातीवर दोनदा टणकन आवाज होताच उलट्या पावली परत आला. पाऊण तासाने सगळे शांत झाले, तेव्हा अंगण पांढरे झाले होते, पोर्चवरच्या सिमेंटच्या पत्र्यांना तीन भोके पडली होती, गच्चीवरच्या सोलर वॉटर हीटरच्या काचेच्या नळ्यांपैकी चार फुटून त्यांतले कोमट पाणी जिन्यावरून वाहत होते आणि माझ्या गाडीच्या पुढच्या काचेवर, डाव्या कोपऱ्यात, रुपयाएवढी चांदणी उमटली होती. सासूबाईंनी त्यातल्या चार मोठ्या गारा उचलल्या, स्टीलच्या डब्यात घातल्या आणि डबा फ्रीजरमध्ये ठेवला. ‘विम्याला पुरावा लागेल ना,’ असे त्या म्हणाल्या. सगळे हसले, मीही हसलो. पण त्या क्षणी घरात विम्याचा विचार करणाऱ्या त्या एकट्याच होत्या, हे आता कबूल केले पाहिजे.

मेहुण्याचे मत ठाम होते. ‘ही तर दैवी आपत्ती, विमावाले हात वर करणार.’ हे वाक्य मी नंतर इतक्या जणांच्या तोंडून ऐकले, की प्रथम तेच निकालात काढतो. गाडीची पॉलिसी दोन भागांची असते. कायद्याने सक्तीचा असतो तो थर्ड पार्टीचा भाग. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे नुकसान झाले तर तो उपयोगी पडतो आणि गारांशी त्याचा काडीचाही संबंध नाही. ज्याच्याकडे तेवढीच पॉलिसी आहे, त्याला गारपिटीचा एक पैसाही मिळणार नाही. दुसरा भाग स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, ज्याला सगळे ‘ओन डॅमेज’ म्हणतात. त्यात आग, चोरी, दंगल, भूकंप, दरड यांच्या जोडीला पूर, वादळ, चक्रीवादळ यांची जी ओळ आहे, तीत ‘हेलस्टॉर्म’ हा शब्द स्पष्ट छापलेला असतो. म्हणजे जिला आपण देवाची करणी म्हणतो, तिचे नाव घेऊनच कंपनीने हप्ता घेतलेला असतो. मी त्याच संध्याकाळी मोबाइलवर पॉलिसीची प्रत उघडून मेहुण्याला ती ओळ दाखवली. त्यावर ‘लिहितात सगळे, देत कोणी नाही,’ असे त्याचे उत्तर आले.

तो अगदीच चुकीचा नव्हता. नाकारत कोणी नाही, पण रक्कम झिजत जाते, आणि ती कुठे झिजते हे आपल्याला आधी ठाऊक नसते.

पहिली चूक माझी स्वतःची होती. कंपनीच्या हेल्पलाइनला त्याच दिवशी कळवले, क्लेमचा क्रमांक घेतला, इथपर्यंत ठीक होते. दुसऱ्या दिवशी ऑफिस गाठायचे म्हणून मी सकाळीच तशीच गाडी घेऊन मुंबईला निघालो. कसारा घाटात वळणांवर गाडी हेलकावत असताना काचेवरच्या त्या चांदणीतून एक रेघ निघाली आणि कसाऱ्यापासून शहापूरपर्यंत माझ्या डोळ्यांदेखत वायपरच्या उंचीपर्यंत वाढत गेली. पॉलिसीतली एक अट मी त्यानंतर वाचली: अपघातानंतर दुरुस्ती न करता गाडी चालवली आणि त्यामुळे नुकसान वाढले, तर त्या वाढीव नुकसानीची जोखीम सर्वस्वी मालकाची. पुरात इंजिनात पाणी गेलेली गाडी पुन्हा सुरू करू नये असे जे सांगतात, त्यामागेही हीच अट उभी असते. माझी काच तशीही बदलावीच लागणार होती आणि नाशिकला काढलेल्या फोटोत मूळचा तडा वेळेसकट दिसत होता, म्हणून निभावले.

फोटोंबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण माझ्या क्लेमचा अर्धा भाग त्यांच्यावरच टिकला. गारा अजून जमिनीवर पडलेल्या असताना, नंबर प्लेट आणि बंगल्याचे फाटक एकाच चौकटीत येईल असे चार फोटो आणि गाडीभोवती फिरून एक व्हिडिओ काढला होता. गारेचा पोचा समोरून बघितला तर दिसतच नाही. धातू खोलगट झालेला असतो, पण रंग शाबूत असतो, त्यामुळे भर उन्हात टप अगदी नवाकोरा वाटतो. संध्याकाळी पोर्चमधली ट्यूबलाइट लावली, तेव्हा बॉनेटवर पडलेले तिचे प्रतिबिंब सरळ दांडीसारखे न दिसता ठिकठिकाणी मोडल्यासारखे दिसू लागले. जिथे मोड, तिथे पोचा. मेहुण्याने त्या प्रकाशात बोट फिरवत एकट्या बॉनेटवर सतरा मोजले.

भांडुपच्या गॅरेजमध्ये तिसऱ्या दिवशी सर्व्हेअर, म्हणजे विम्यासाठी नुकसान तपासणारा माणूस, आला. त्याने खिशातून पांढरा खडू काढला आणि प्रत्येक पोच्याभोवती गोल काढायला सुरुवात केली. टपावर, बॉनेटवर, डिकीवर, एकेक गोल. अर्ध्या तासाने माझी राखाडी गाडी एखाद्या लहान मुलाच्या पाटीसारखी दिसू लागली. मग मागच्या उजव्या दारापाशी तो थांबला आणि म्हणाला, ‘साहेब, हा गारेचा नाही.’ त्याचे बरोबर होते. तो पोचा आमच्या सोसायटीतल्या पार्किंगमध्ये शेजारच्या गाडीचे दार आपटून बसला होता आणि त्यावर दुसऱ्या गाडीचा लाल रंगही लागलेला होता. दोन वेगळ्या घटना म्हणजे दोन वेगळे क्लेम आणि वजावटही (दर क्लेममागे मालकाने स्वतः सोसायची ठरावीक रक्कम) दोनदा, हा नियम. मी तो पोचा मुकाट्याने सोडून दिला. पण मग त्याने डिकीवरचे पाच पोचेही ‘जुने’ म्हणून लिहिले, तेव्हा मी मोबाइल काढला. व्हिडिओत डिकीवर गारा पडलेल्या आणि त्याच पोच्यांत वितळलेले पाणी साठलेले दिसत होते. त्याने तो दोनदा पाहिला, काही न बोलता पाच गोल काढले आणि खडू खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याने नाशिकच्या वर्तमानपत्रातले गारपिटीच्या बातमीचे कात्रण मागितले. सासऱ्यांनी ते फोटो काढून पाठवले. पोलिसांत तक्रार वगैरे करावी लागली नाही.

आता पैशांकडे येतो. गाडी साडेचार वर्षांची. एकूण बिल करासह ६२,९०० रुपये झाले: पुढची काच ९,५००, नवे बॉनेट ११,०००, आरशाचे कव्हर आणि मागच्या दिव्यासारखे प्लास्टिकचे भाग ६,४००, टप आणि डिकी ठोकून सरळ करण्याची मजुरी १४,००० आणि रंगकाम २२,०००. पॉलिसीतल्या घसाऱ्याच्या, म्हणजे भाग वापरून जुने झाल्याबद्दल होणाऱ्या कपातीच्या, तक्त्याप्रमाणे काचेवर काहीच कापले जात नाही. धातूच्या भागांवरचा घसारा गाडीच्या वयानुसार वाढत जातो आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीला तो ३५ टक्के असतो, म्हणून बॉनेटमधले ३,८५० गेले. प्लास्टिक आणि रबराला वय विचारत नाहीत, सरसकट ५० टक्के. तिथे ३,२०० गेले. रंगाचा हिशेब मला सर्वांत गमतीचा वाटला. बिल एकत्रित असेल तर त्यातला २५ टक्के भाग रंगसाहित्याचा समजतात आणि त्याच्या निम्मे कापतात, म्हणजे रंगकामाच्या दर शंभर रुपयांतून साडेबारा. २२,००० मधून २,७५०. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपयांची सक्तीची वजावट. एकूण १०,८०० माझ्या खिशातून आणि ५२,१०० कंपनीकडून.

यातले सक्तीचे हजार सोडले तर जवळजवळ सगळे वाचले असते, जर मी ‘झिरो डेप’ घेतले असते. घसारा न कापण्याचे ते जोडकलम आदल्या तीन वर्षी होते. चौथ्या नूतनीकरणाला, मुदत संपायच्या रात्री अकरा वाजता ऑनलाइन पैसे भरताना, हप्ता कमी दिसावा म्हणून मी त्यावरची खूण काढून टाकली होती. गाडी जुनी झाली की त्याची गरज कमी होते, असे तेव्हा मला वाटले. खरे तर गाडीचे वय वाढेल तसा घसारा वाढत जातो, म्हणजे त्या कलमाची किंमत जुन्या गाडीलाच जास्त कळते. (काही कंपन्या वर्षातून ठरावीक वेळाच हे कलम वापरू देतात, तेवढे घेताना पाहावे.)

खरा विचार करण्यासारखा आकडा बिलात नव्हताच. क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सवलत, जिला सगळे एनसीबी म्हणतात, ती ओन डॅमेजच्या हप्त्यावर पहिल्या वर्षी २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के अशी चढते. एक क्लेम केला की सरळ शून्यावर. गारपीट आपली चूक नाही, म्हणून सवलत राहावी, असा युक्तिवाद मी हेल्पलाइनवर करून पाहिला; त्या मुलीने शांतपणे ऐकून घेतले आणि ‘सर, क्लेम इज क्लेम’ म्हणाली. माझी सवलत ४५ टक्क्यांवर होती, पुढच्या खेपेला ५० झाली असती. सवलतीआधीचा हप्ता ९,००० धरला आणि तो तसाच राहिला असे मानले, तर पहिल्या वर्षी ४,५००, दुसऱ्या वर्षी २,७००, मग २,२५०, १,३५० आणि ४५०, असे पाच वर्षांत मिळून ११,२५० रुपये मी गमावणार आहे. ५२,१०० मिळणार असतील तर हा व्यवहार उघड फायद्याचा आहे. पण हीच गारपीट हलकी झाली असती आणि ठोकाठोकीचे सात-आठ हजारच झाले असते, तर क्लेम करणे शुद्ध मूर्खपणा ठरला असता. गॅरेजवाला हे सांगत नाही. त्याला क्लेम झालेलाच बरा.

हिशेब पटला नाही किंवा क्लेम फेटाळला गेला, तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करायची आणि महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जायचे. मुंबईचे लोकपाल कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला आहे, फी काही नाही, वकील लागत नाही. कंपनीने नकार दिल्यापासून एक वर्षाच्या आत मात्र जावे लागते. माझ्यावर ती वेळ आली नाही.

गाडीचे असे मार्गी लागले. घराचे लागले नाही.

सासऱ्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो. नानांनी अत्यंत आत्मविश्वासाने कपाटातून एक निळी फाइल काढली आणि म्हणाले, ‘जावईबापू, घराचा विमा आहे. कर्ज घेतानाच बँकेने उतरवलाय.’ मी कागद चाळले. विमा होता, पण नानांचा होता, घराचा नव्हता. कर्ज फिटण्याआधी कर्जदाराचे काही बरेवाईट झाले तर उरलेले कर्ज फेडणारी ती पॉलिसी होती. तिचा हप्ता कर्जातच मिळवलेला, म्हणून तो वेगळा भरल्याचे कुणाच्या लक्षातही राहिले नव्हते. आणि कर्ज फिटून सहा वर्षे झाली होती. घराच्या नावावर एक छदामाचाही विमा नव्हता. चार नळ्या, तीन पत्रे, दोन खिडक्यांच्या काचा, सगळे नानांच्या खिशातून. नाना बराच वेळ त्या फाइलकडे बघत बसले. मग ‘म्हणजे मी मेलो असतो तरच उपयोग होता,’ एवढे बोलून उठले. सासूबाईंना ते अजिबात आवडले नाही.

मुंबईला परत आल्यावर मी आमच्या सोसायटीतल्या नऊ घरी सहज विचारले. गाडीचा विमा नऊही जणांचा होता, घराचा एकाचाही नाही. ‘सोसायटीचा आहे ना,’ हे सहा जणांचे उत्तर. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनी इमारतीचा विमा उतरवण्याची जबाबदारी संस्थेवर टाकलेली आहे आणि आमच्या संस्थेने तो उतरवलाही आहे. पण तो इमारतीचा आहे. माझा टीव्ही, फ्रीज, कपाटे, गाद्या यांचा त्याच्याशी संबंध नाही, आणि त्यातली विमा रक्कमही दहा वर्षांपूर्वी कुणीतरी अंदाजाने लिहिलेली. सचिवांना विचारले तर ते म्हणाले, ‘वाढवली तर मेंटेनन्स वाढेल, मग तुम्हीच सभेत ओरडाल.’ हेही खरेच.

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारखी पॉलिसी आणली आहे; कोणत्याही कंपनीकडून घेतली तरी मूळ मजकूर तोच. मी ती ओळीने वाचली. गंमत अशी की गाडीच्या पॉलिसीत जो शब्द छापलेला आहे, तो इथल्या मुख्य यादीत नाही: वादळ, चक्रीवादळ, पूर, त्सुनामी आहेत, गारपीट नाही. पण ‘वादळ’ आहे आणि बाहेरची कोणतीही वस्तू घरावर आदळून झालेले नुकसानही आहे. वादळातून आलेल्या गारेने पत्रा फोडला, तर त्यात बसवायला अडचण येऊ नये. इमारतीच्या व्याख्येत कुंपणाची भिंत, पोर्च, पाण्याच्या टाक्या आणि सोलर पॅनेलसुद्धा येतात, हे वाचून मला नानांच्या नळ्या आठवल्या.

या पॉलिसीतली माझ्या मते सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी समजलेली गोष्ट म्हणजे विमा रक्कम. मुंबईतला माणूस घराचा विमा म्हटले की फ्लॅटचा बाजारभाव डोळ्यांपुढे आणतो आणि दीड कोटीचा विमा परवडणार नाही म्हणून विषय सोडून देतो. विमा जमिनीचा नसतो, ठिकाणाचाही नसतो. तो पुन्हा बांधायला जो खर्च येईल त्याचा असतो. कार्पेट एरिया ६०० चौरस फूट असेल आणि बांधकामाचा खर्च समजा ३,००० रुपये चौरस फूट धरला, तर विमा रक्कम १८ लाख. इमारतीचा विमा घेतला की तिच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, घरातल्या सामानाचा विमा आपोआप मिळतो. इथे ते ३ लाख ६० हजार होतात. दागिन्यांसारख्या मौल्यवान वस्तूंना मात्र वेगळे कलम घ्यावे लागते. पूर्वी विमा रक्कम कमी लिहिली असेल तर दावाही त्याच प्रमाणात कापला जायचा. भारत गृह रक्षात ते बंद झाले आहे. काचा फुटल्या तर त्या विमा रकमेच्या मर्यादेत पूर्ण भरून मिळतात.

मुंबईत गार पडो न पडो, त्याच ओळीत पूर आणि वादळ आहेत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा तळमजल्यावरच्या घरांत गुडघाभर पाणी होते. १३ मे २०२४ च्या धुळीच्या वादळात घाटकोपरच्या पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळले आणि सतरा माणसे गेली. खाली गाड्याही चिरडल्या गेल्या. त्या दिवशी आमच्या इमारतीतही पाचव्या मजल्यावरची एक सरकती खिडकी चौकटीसकट निघून खाली आली होती. सुदैवाने खाली कोणी नव्हते.

मे महिन्यात मी माझ्या फ्लॅटची आणि नानांच्या बंगल्याची अशा दोन पॉलिसी घेतल्या. नानांचा फॉर्म भरताना दोन तास गेले. विमा रकमेच्या रकान्यात त्यांना दोन कोटी लिहायचे होते, ‘गल्लीतला समोरचा बंगला तेवढ्यालाच गेला’ म्हणून. मी ती रक्कम जागेची आहे, विटांची नाही, हे समजावत राहिलो. शेवटी त्यांनी पुन्हा निळी फाइल काढली. तीत बांधकामाच्या वेळची सिमेंटची बिले होती, पिवळी पडलेली, पोत्याला किती रुपये ते नानांच्या अक्षरात बाजूला लिहिलेले. त्यावरून आजचा खर्च काढणे शक्य नव्हते, पण मोजमापे अचूक होती. ती घेऊन आम्ही रक्कम काढली.

परवा नाशिकला गेलो, तेव्हा बर्फ काढायला फ्रीजर उघडला. मटारच्या पिशवीमागे तो स्टीलचा डबा तसाच होता. चारही गारा एकमेकींना चिकटून आता एकच ढेकूळ झाली आहे. मी सासूबाईंना म्हटले, ‘आई, ही पॉलिसी मे महिन्याची आहे, गारा एप्रिलच्या. त्या नुकसानीचे आता काही मिळणार नाही.’ त्यांनी डबा माझ्या हातातून घेतला, झाकण घट्ट लावले आणि परत मटारच्या मागे ठेवला.